अठ्ठावीस दिवस, अंधारातल्या बाटल्या : आमच्या स्लरीची बायोडिग्रेडेबिलिटी टेस्ट

भांडी घासायच्या लिक्विडचं माझं छोटं युनिट आहे, पिंपरी-चिंचवडच्या चिखली-मोशी पट्ट्यात. चार बायका आणि मी. पाच लिटरचे कॅन हॉटेलांना, कॅन्टीनना आणि काही होमस्टेवाल्यांना जातात. सहा वर्षं आमच्या कॅनवर हिरव्या अक्षरांत ‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे जिवाणूंमुळे विघटित होणारं, असं छापलेलं होतं. कशाच्या आधारावर? स्लरी, म्हणजे लिक्विडचा मुख्य कच्चा माल, देणाऱ्या शेठनी सांगितलं होतं, "मॅडम, सॉफ्ट स्लरी आहे, बिनधास्त लिहा." मी लिहिलं.

१४ जानेवारी २०२५ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, एका मोठ्या गिऱ्हाइकाची मेल आली. त्यांची कोकणात आणि गोव्यात राहण्याची ठिकाणं आहेत, स्वयंपाकघरातलं पाणी शोषखड्ड्यात जातं. मेल चार ओळींची होती. लेबलवर जो दावा आहे त्याच्या पुराव्यासाठी सर्व सर्फॅक्टंट्सचे (फेस करून तेलकटपणा काढणाऱ्या घटकांचे) ओईसीडी ३०१ रिपोर्ट पाठवा, नाहीतर एप्रिलनंतर ऑर्डर थांबवावी लागेल. खाली एक वाक्य होतं: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ ला ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या पोकळ दाव्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, तेव्हा आता आम्हालाही कागद लागतो.

ती मेल मी तीनदा वाचली. मी बीएस्सी केमिस्ट्री आहे, पण वीस वर्षांपूर्वीची. ओईसीडी ३०१ म्हणजे पदार्थ पाण्यात जिवाणूंना पचतो का हे बघायची आंतरराष्ट्रीय चाचणी, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिळगूळ वाटायचा राहिला आणि मी शेठना फोन लावून बसले.

शेठनी दुसऱ्या दिवशी सीओए, म्हणजे मालाच्या तपासणीचा दाखला, पाठवला, प्रत्येक ड्रमबरोबर येतो तोच. ॲक्टिव्ह मॅटर (साफ करणारा खरा अंश) ९० टक्के, फ्री ऑइल, सल्फ्युरिक ॲसिड, ओलावा, क्लेट रंग. सगळं नीट. पण त्या कागदावर पाण्यात गेल्यावर या मालाचं काय होतं याबद्दल एक शब्द नव्हता. मग मी सेफ्टी डेटा शीट मागितली. त्यात विभाग १२ हा पर्यावरणाबद्दलचा असतो. आमच्या शीटमध्ये तिथे लिहिलं होतं, ‘माहिती उपलब्ध नाही’. सहा वर्षं ज्या शब्दाखाली मी माल विकला त्या शब्दाचा कागदच नव्हता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्यासारखं अडकलेल्यांना पहिली गोष्ट हीच सांगेन: लॅब शोधण्याआधी विभाग १२ उघडा. आमच्या लिक्विडमध्ये तीन सर्फॅक्टंट आहेत. ॲसिड स्लरी, म्हणजे लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड, जे आम्ही कॉस्टिकने न्यूट्रल करतो. दुसरं एसएलईएस (सोडियम लॉरिल इथर सल्फेट) पेस्ट. तिसरं फेस टिकवण्यासाठी थोडं सीएपीबी (कोकामिडोप्रोपिल बीटेन). एसएलईएस आणि सीएपीबी मोठ्या उत्पादकांचं होतं. त्यांच्या वितरकाला मेल केली, आठ दिवसांनी दोन्हींचे रिपोर्ट आले, फुकट. म्हणजे तीन टेस्टची एकच उरली. मी हे न विचारता थेट लॅबकडे गेले असते तर तिप्पट पैसे गेले असते.

उरली स्लरी. तीच आमच्या मालाचा कणा, आणि तिचाच पत्ता नाही.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा कोटेशन गोळा करण्यात गेला. तीन लॅबकडून तीन आकडे आले. एक जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) लॅब, १,८५,००० अधिक जीएसटी. दुसरी पुण्याच्या दुसऱ्या टोकाची, एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली, ६२,००० अधिक जीएसटी. तिसरीने २८,००० सांगितले आणि वर म्हणाले, सात दिवसांत सर्टिफिकेट देतो. स्वस्त आणि झटपट, मन तिकडेच धावलं. पण सात दिवसांत कसं, हे विचारल्यावर कळलं की ते बीओडी आणि सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जिवाणूंनी आणि रसायनांनी संपवायला लागणारा ऑक्सिजन, काढून त्यांचं गुणोत्तर देणार होते. सांडपाण्यासाठी ते उपयोगी असतं, पण ती ओईसीडी ३०१ नव्हे. ३०१ ला अठ्ठावीस दिवस लागतात. कोणी सात दिवसांत देतो म्हणालं तर कोणती पद्धत, तिचा क्रमांक काय, हे मेलवर लिहून मागा.

जीएलपी की एनएबीएल हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. १,८५,००० माझ्या आवाक्यात नव्हते. शेवटी गिऱ्हाइकालाच सरळ विचारलं: आयएसओ १७०२५ खाली, म्हणजे एनएबीएल ज्या मानकावर मान्यता देतं त्याखाली, मान्यता असलेल्या लॅबचा रिपोर्ट चालेल का? उत्तर यायला बारा दिवस लागले, पण आलं ते ‘चालेल’ असं. ती मेल प्रिंट काढून फाइलला लावली. दुसरं म्हणजे लॅबला एनएबीएल आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यता प्रत्येक पद्धतीसाठी वेगळी असते आणि त्याची यादी, म्हणजे स्कोप, एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येते. तुमची पद्धत त्या यादीत नसेल तर रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह येत नाही.

२४ फेब्रुवारीला मी लॅबमध्ये गेले. तिथल्या टेक्निकल मॅनेजर मॅडमनी मला बसवून घेतलं आणि पाऊण तास दिला. त्या पाऊण तासाने माझी निम्मी भीती गेली, म्हणून त्यांनी जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत लिहिते.

मी तयार लिक्विडचा कॅनच घेऊन गेले होते. त्यांनी तो बाजूला ठेवला. टेस्ट एकेका पदार्थाची करायची असते, मिश्रणाची नाही. मिश्रणात एक पदार्थ भराभर विघटित झाला आणि दुसरा तसाच राहिला तरी सरासरी आकडा चांगला दिसतो. शिवाय तयार मालात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते जिवाणूंना मारतं. रंग आणि सुवास असतो, तेही ऑक्सिजन खातात. तेव्हा स्लरी फक्त कॉस्टिकने न्यूट्रल करून आणा, त्यात दुसरं काहीही घालू नका, असं त्यांनी बजावलं.

मग त्यांनी विचारलं, "फेस गेला म्हणजे पदार्थ संपला, असं वाटतं का तुम्हाला?" मला तसंच वाटत होतं. त्या म्हणाल्या, फेस जाणं ही पहिली पायरी. जिवाणूंनी रेणू थोडासा तोडला की तो फेस करायचं सोडतो, पण त्याचे तुकडे पाण्यात असतातच. ३०१ मध्ये शेवटपर्यंतचं बघतात, म्हणजे कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला का, आणि त्यासाठी किती ऑक्सिजन लागला.

सॉफ्ट आणि हार्ड स्लरीचा फरकही मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. दोन्हींत बेंझिनच्या कड्याला कार्बनची शेपटी असते. सॉफ्टमध्ये ती सरळ, हार्डमध्ये फांद्या फुटलेली. जिवाणू शेपटीच्या टोकापासून दोन-दोन कार्बन तोडत येतात. जुना स्वेटर उसवताना टोक सापडलं की दोरा सुरसुर निघत जातो, पण मध्ये गाठ आली की अडतो. फांदी म्हणजे ती गाठ. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत फांद्यावाला प्रकारच सर्रास वापरात होता आणि नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली त्यावर कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ शेपटीकडे मोर्चा वळवला. आज आपण जी सॉफ्ट स्लरी म्हणतो ती तिथून आली. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या ड्रममध्ये सरळच असेल बहुतेक. पण बहुतेक हा शब्द रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही."

नदीजवळ राहणाऱ्या मला हे ऐकणं सोपं नव्हतं. इंद्रायणी आमच्यापासून फार लांब नाही. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगतानाचे फोटो दर वर्षी पेपरात येतात आणि वारकरी त्यातच उतरून स्नान करतात. त्या फेसात माझा वाटा किती, याचा विचार मी सहा वर्षांत केला नव्हता. लेबलवरच्या एका शब्दाने मला तो करू दिला नव्हता.

फॉर्म भरणं हे वेगळंच प्रकरण निघालं. टेस्ट रिक्वेस्ट फॉर्मवर नमुन्याचं नाव, बॅच क्रमांक, कॅस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक), ॲक्टिव्हचं प्रमाण, जीएसटी आणि उद्यम नोंदणी. नावाच्या रकान्यात मी ‘ॲसिड स्लरी’ लिहिलं आणि शीटवरचा ॲसिडचा कॅस क्रमांक उतरवला. मॅडमनी लगेच थांबवलं. आपण न्यूट्रल केलेलं मीठ (क्षार) देतोय, ॲसिड नाही, तेव्हा नाव सोडियम लिनिअर अल्किल बेंझिन सल्फोनेट आणि क्रमांक ६८४११-३०-३. फॉर्मवर जे लिहाल तेच अक्षरशः रिपोर्टवर येतं. नंतर दुरुस्ती करायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. उत्पादन नाव, पत्ता, स्पेलिंग, सगळं जीएसटी सर्टिफिकेट समोर ठेवून भरा.

३ मार्चला २५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या स्वतः नेऊन दिल्या. ॲसिड म्हटलं की कुरिअरवाले घेत नाहीत. न्यूट्रल केलेलं घेतात, पण मला धोका पत्करायचा नव्हता. एक तिसरी बाटली त्याच बॅचची, तारीख घालून, माझ्याकडे ठेवली. टेस्टचे ६२,००० आणि १८ टक्के जीएसटी मिळून ७३,१६० आगाऊ भरले. ॲक्टिव्ह मॅटर मोजायचे २,३६० वेगळे. जीएसटी नोंदणी असेल तर त्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, बिलावर स्वतःचा नंबर आहे ना ते बघून घ्या.

आणि त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. तीन हजार छापील लेबलं पडून होती. त्यांवरच्या ‘बायोडिग्रेडेबल’वर चिकटवायला साध्या पांढऱ्या पट्ट्या करून घेतल्या, ४,२०० रुपये. युनिटमधल्या ताईंनी विचारलं, "ताई, आपला माल खराब निघाला का?" मी म्हटलं, नाही, पण कागद येईपर्यंत तो शब्द आपला नाही. दोन दिवस आम्ही सगळ्या जणी पट्ट्या चिकटवत बसलो.

टेस्ट १७ मार्चला लागली. आमच्यासाठी मॅडमनी ३०१ डी, म्हणजे क्लोज्ड बॉटल ही पद्धत निवडली. सर्फॅक्टंट जास्त झालं तर जिवाणूंनाच त्रास देतं. या पद्धतीत ते लिटरला फक्त २ मिलिग्रॅम घालावं लागतं. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत ०.६ मिलिग्रॅम, चिमटीत येणार नाही इतकं. त्यात फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि अगदी थोडं अमोनियम असलेलं पाणी. आणि जिवाणू, तेही लिटरला फार तर पाच मिलिलिटर सांडपाण्याचे. काचेचं बूच लावायचं, आत हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही आणि २२ अंशांना अंधारात ठेवायचं. उजेड मिळाला तर शेवाळ धरून तेच ऑक्सिजन सोडू लागेल.

जिवाणूंसाठी मी उत्साहाने म्हटलं होतं की आमच्या युनिटच्या टाकीतलं पाणी आणते, तिथले जिवाणू या मालाला सरावलेले आहेत. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच नको. रेडी बायोडिग्रेडेबिलिटी म्हणजे कोणत्याही सरावाशिवाय साध्या जिवाणूंना हा पदार्थ पचतो का, हे बघणं. जिवाणू घरगुती सांडपाणी येणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातूनच आणायचे.

चार गट असतात. नुसतं पाणी आणि जिवाणू, त्याला ब्लँक म्हणतात. आमचा नमुना. सोडियम बेंझोएट, जे हमखास पचतं, ते जिवाणू जिवंत आहेत हे दाखवायला. आणि चौथा, नमुना आणि बेंझोएट एकत्र. त्यात विघटन मंदावलं तर नमुना जिवाणूंना मारतोय असं समजायचं. ०, ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी प्रत्येक गटाच्या दोन-दोन बाटल्या काढून ऑक्सिजन मोजायचा. मोजलेली बाटली संपली. म्हणून सुरुवातीलाच बाटल्यांची रांगच्या रांग भरून ठेवावी लागते.

सुरू करायच्या आधी कॅलेंडर बघा, हा मी नंतर शिकलेला धडा. १७ मार्चपासून अठ्ठाविसावा दिवस आला १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या सुट्टीत. लॅबचा मुलगा सुट्टी सोडून आला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण सगळीकडे असं कोणी येईलच असं नाही.

दर सोमवारी मी फोन करत असे. सातव्या दिवशी ठीक, चौदाव्या दिवशी ठीक, बेंझोएट छान. १५ एप्रिलला सकाळी मॅडमचा स्वतःहून फोन आला. आवाजावरून कळलं. म्हणाल्या, "तुमचा नमुना ६४ टक्के आहे. पण टेस्ट रद्द करावी लागेल."

ब्लँकमध्ये अठ्ठावीस दिवसांत ऑक्सिजन लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी होता कामा नये, असा नियम आहे. आमचा १.९ ने कमी झाला होता. म्हणजे आणलेल्या सांडपाण्यातच खायला बरंच काही होतं आणि जिवाणू तेच खात होते. मी विचारलं, आणि लपवत नाही, गयावया करूनच विचारलं, की ६४ टक्के आलेत, पास होण्याची मर्यादा साठ आहे, मग द्या ना रिपोर्ट. त्या म्हणाल्या, "ब्लँक गेला की सगळं गेलं. तुमच्या मालाने किती ऑक्सिजन खाल्ला हे मी ब्लँक वजा करूनच काढते. तोच डळमळीत असेल तर ६४ हा आकडा कोणाचा?"

फोन ठेवून मी गोडाऊनमध्ये जाऊन रडले. एप्रिलची मुदत चुकणार होती. अडीच महिने गेले होते. पण संध्याकाळपर्यंत मला पटलं की याच बाईने मला फेब्रुवारीत पाऊण तास दिला होता आणि आत्ताही त्या तेच करत होत्या. दुसरी टेस्ट त्यांनी त्यांच्या खर्चाने केली. मी गिऱ्हाइकाला खरं ते सगळं लिहिलं: टेस्ट का रद्द झाली, पुन्हा कधी लागणार, आणि तोपर्यंत कॅनवर तो दावा नाही. पट्टी लावलेल्या लेबलचा फोटो जोडला. त्यांनी जूनअखेरपर्यंत मुदत वाढवली. टेस्ट अडकली तर गप्प बसू नका, कळवा.

या वेळी लॅबने शुद्धीकरण केंद्राचं पाणी आणून जाड कागदातून गाळलं आणि आठवडाभर नुसतं हवा देत ठेवलं, आतलं खाणं संपावं म्हणून. याला मुभा आहे. नमुन्याची सवय लावायला बंदी आहे, उपाशी ठेवायला नाही. ५ मेला दुसरी टेस्ट लागली. अठ्ठाविसावा दिवस २ जून, सोमवार, सुट्टी नाही. मी आधी मोजून घेतलं होतं.

चौदाव्या दिवशी, १९ मेला, मॅडमनी मला बघायला बोलावलं. इन्क्युबेटरचं दार उघडलं तेव्हा थंड वाफ अंगावर आली. आत काळसर उजेडात बाटल्या खांद्याला खांदा लावून उभ्या. त्या मुलाने एक काढली, बूच तिरकं करून उघडलं आणि लांब पिपेटने तळाशी दोन द्रव सोडले, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. बाटली उलटसुलट केली तशी पाण्यात गढूळ तपकिरी साका धरला, नाचणीच्या आंबिलीसारखा. "ऑक्सिजन नसता तर पांढरा राहिला असता," तो म्हणाला. मग त्याने सल्फ्युरिक ॲसिड घातलं आणि साका विरघळून पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं. ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब. चहाचा रंग फिका होत गव्हाच्या काडीवर आला तेव्हा त्याने स्टार्च घातलं, म्हणजे आपली कांजीच, आणि सगळं एकदम गडद निळं झालं. आता एकेक थेंब. मी श्वास धरून उभी होते. निळा पातळ झाला, आणखी पातळ, आणि एका थेंबाला काहीच उरलं नाही. त्याने ब्युरेटवरचा आकडा वहीत लिहिला. त्या बाटलीत लिटरला ५.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन होता.

शेजारच्या ब्लँकमध्ये ७.६ होता. फरक २.१. लिटरभर पाण्यात घातलेल्या माझ्या २ मिलिग्रॅम स्लरीचा कण न् कण जळून जायला ४.६४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, हे त्याच्या रेणूवरून आधीच काढलेलं होतं. म्हणजे ४५ टक्के झाले होते. बेंझोएट ७५ टक्क्यांवर होतं. त्याने चौदा दिवसांत साठ ओलांडायलाच हवेत, नाहीतर ही टेस्टही गेली असती. आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. सुरुवातीचा ऑक्सिजन ८.२ होता. पुणे समुद्रसपाटीपासून वर असल्यामुळे इथल्या पाण्यात तो थोडा कमीच विरघळतो, मुंबईत जास्त भरला असता. बाटल्या धुण्याबद्दलही त्या मुलाने सांगितलं की साबणाचा अंश राहिला तर साबणाचीच टेस्ट बिघडते, म्हणून ॲसिडने आणि मग पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्याने धुतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस अवेळी आणि जोरात आला, वीज जात होती. मी रोज विचारत होते, इन्क्युबेटर जनरेटरवर आहे ना. होता.

२ जूनला संध्याकाळी आकडे आले. ब्लँक ७.३, म्हणजे घट फक्त ०.९. नमुना ४.१. फरक ३.२, म्हणजे ६९ टक्के. एकविसाव्या दिवशी तो साठ टक्क्यांवर होता. चौथ्या गटातही जिवाणू मजेत होते.

पण रिपोर्टचा मसुदा ११ जूनला आला तेव्हा त्यात एक ओळ बघून पुन्हा छातीत धस्स झालं: दहा दिवसांची खिडकी पूर्ण होत नाही. ओईसीडीचा एक निकष असा आहे की दहा टक्के विघटन झाल्यापासून दहा दिवसांत साठ गाठले पाहिजेत. सातव्या दिवशी आमचे १५ टक्के होते. तिथून मोजलं तरी सतराव्या दिवशी साठ व्हायला हवे होते, झाले एकविसाव्याला. मॅडमनी समजावलं की बाजारातलं सर्फॅक्टंट म्हणजे एक रेणू नसतो, दहा ते तेरा कार्बनच्या शेपट्यांचं कुटुंब असतं. ते एकामागून एक पचत जातात, म्हणून आलेख सावकाश चढतो. युरोपच्या ६४८/२००४ या डिटर्जंट नियमात म्हणूनच सर्फॅक्टंटना ही खिडकी लावत नाहीत. अठ्ठावीस दिवसांत साठ टक्के, एवढंच. मी त्यांना विनंती केली की दोन्ही वाक्यं रिपोर्टमध्ये ठेवा, खिडकी पूर्ण न झाल्याचं आणि ती का लावत नाहीत याचं. नुसतं ‘पास’ लिहिलेला कागद मला नको होता.

अंतिम रिपोर्ट १६ जूनला हातात आला, आळंदीहून पालखी निघायच्या तीन दिवस आधी. मेलपासून पाच महिने, आणि पट्ट्या धरून ७९,७२० रुपये.

त्या संध्याकाळी मी घाटावर गेले. गर्दी जमायला लागली होती. आता मला ठाऊक होतं की बाटलीतला आकडा ऑक्सिजन असलेल्या पाण्याचा आहे. लिटरला आठ मिलिग्रॅमने सुरुवात, बूच बंद, कोणी मध्ये नवी घाण टाकत नाही. नाल्याने न शुद्ध केलेलं पाणी येत राहिलं आणि नदीतला ऑक्सिजनच संपला, तर हेच सरळ शेपटीचं सर्फॅक्टंटही तसंच पडून राहतं. ऑक्सिजनशिवाय ते जवळजवळ पचत नाही. म्हणून शोषखड्ड्याबद्दल गिऱ्हाइकाला मी रिपोर्टसोबत वेगळं लिहिलं की ही टेस्ट ऑक्सिजन असलेल्या पाण्याची आहे, खड्ड्याच्या तळाची नाही, आणि भांड्यांचं पाणी आधी मोकळ्या हवेतल्या केळीच्या वाफ्यातून सोडता आलं तर बघा. त्यांच्या व्यवस्थापकांचा उलट फोन आला, वाफ्याची लांबी-रुंदी विचारायला.

नवीन लेबलवर आता हिरव्या अक्षरांतला एकटा शब्द नाही. मागच्या बाजूला, वाचता येईल एवढ्या टायपात छापलंय: ‘यातील सर्फॅक्टंट्स ओईसीडी ३०१ चाचणीनुसार २८ दिवसांत ६० टक्क्यांहून अधिक विघटित होतात. रिपोर्ट मागितल्यास मिळेल.’ आतापर्यंत दोन जणांनी मागितला, दोघांनाही पाठवला.

रिपोर्ट ज्या बॅचचा आहे, ती ज्या उत्पादकाची आहे, त्याच मालाला तो लागू होतो. गेल्या आठवड्यात शेठचा फोन आला, दुसऱ्या कंपनीची स्लरी किलोमागे चार रुपये स्वस्त पडतेय, पाठवू का. मी विचारलं, अल्किल बेंझिन सरळ शेपटीचं आहे का, आणि विभाग १२ भरलेली शीट मिळेल का. ते म्हणाले, विचारून सांगतो. तो कागद येईपर्यंत आमचं काम जुन्याच ड्रमवर चालू आहे.